सेग्वे १ : कोल्हापूरच्या माथ्यावरून जाणारी, डोळ्यांना न दिसणारी दीर्घिका

टी.वाय.बी.एस्सी. (भौतिकशास्त्र) प्रकल्प नोंदी

८ जानेवारी २०२५, बुधवार

विषय पक्का झाला. सेग्वे १ ही बटू दीर्घिका. आपल्या आकाशगंगेभोवती फिरणारी, आपल्यापासून साधारण ७५ हजार प्रकाशवर्षांवरची. मॅडमनी दिलेल्या यादीत सौरडाग होते, रूपविकारी तारे होते, चंद्रावरच्या विवरांची उंची-खोली मोजणं होतं. श्वेतानं आणि मी हाच विषय धरला, कारण या दीर्घिकेचा एकूण प्रकाश तीन-साडेतीनशे सूर्यांएवढाच भरतो. आपल्या आकाशगंगेत नुसते तारेच शंभर अब्जांच्या वर आहेत. मग तीनशे सूर्यांच्या उजेडाला दीर्घिका म्हणायचं ते कशाच्या जोरावर? वहीच्या पहिल्या पानावर एवढाच प्रश्न लिहिला.

शोध २००६ सालचा. स्लोन सर्वेक्षणाच्या पुढच्या टप्प्यात, ज्याचं नाव सेग्वे, आकाशाच्या डिजिटल छायाचित्रांतून वसिली बेलोकुरोव आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ताऱ्यांची ही बारीकशी दाटी सापडली. त्यांनी पहिल्या निबंधात हिला दीर्घिका म्हटलंच नव्हतं. जरा पसरट असा गोलाकार तारकागुच्छ, अशी नोंद केली होती. म्हणजे वाद जन्मापासूनचा आहे.

११ जानेवारी, शनिवार

जागा काढली. क्रांती, म्हणजे आकाशातला अक्षांश, उत्तर १६ अंश. कोल्हापूरचे अक्षांश १६.७. हे दोन आकडे शेजारी लिहिले आणि श्वेता खुर्चीतून उठलीच. ही दीर्घिका रोज एकदा आपल्या माथ्यावरून जाते, ख-स्वस्तिकापासून, म्हणजे बरोबर डोक्यावरच्या बिंदूपासून, एका अंशाच्या आतून.

एस.वाय.चा संकेत मदतीला आला आहे, त्याला हे लगेच पटेना. शून्य सावलीचं उदाहरण दिलं. मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्याची क्रांती आपल्या अक्षांशाइतकी होते, आणि भर दुपारी उभ्या खांबाची सावली त्याच्या बुडातच राहते. कोल्हापुरातल्या पोरांनी हे शाळेच्या मैदानावर बघितलेलं असतं. सेग्वे १ ची वाट जवळजवळ तीच.

ओळखीच्या खुणा : सिंह राशीतला विळा, त्याच्या मुठीशी मघा. मघेच्या लगेच वर, विळ्याच्या दांड्यावर जो तारा आहे तो ईटा लिओनिस. त्याच्या दक्षिणेला सव्वा चंद्राएवढं सरकलं की सेग्वे १. आकाशात तिचा निम्मा प्रकाश ज्या वर्तुळातून येतो त्याची त्रिज्या ४.४ कला (अंशाचा साठावा भाग म्हणजे एक कला), म्हणजे अख्खं वर्तुळ पौर्णिमेच्या चंद्राच्या एकतृतीयांश रुंदीचंही नाही.

दुर्बिणीतून काही दिसेल का? नाही. तिच्यातले सर्वांत तेजस्वी तारे सतराव्या-अठराव्या प्रतीचे (प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा मंद). विभागाची आठ इंची दुर्बीण चौदाव्या प्रतीपाशी थकते. त्यामुळे प्रकल्प पूर्णपणे माहितीसाठ्यावर होणार. मॅडमचं म्हणणं, "आकाश बघायला मात्र जायचंच. ज्या जागेवर काम करताय ती जागा माहीत पाहिजे." फेब्रुवारी-मार्चच्या अमावास्येला जायचं ठरलं.

१५ जानेवारी, बुधवार

ताऱ्यांच्या जागा आणि चाल मोजणाऱ्या युरोपच्या गाया यानाचं वैज्ञानिक निरीक्षण आजपासून बंद. डिसेंबर २०१३ मध्ये उडालेलं यान. दिशा बारकाईनं सांभाळण्यासाठी लागणारा थंड वायू संपत आला. आम्ही वापरणार तो त्याचा तिसरा माहितीसंच, १३ जून २०२२ चा, सुमारे १८० कोटी ताऱ्यांच्या नोंदी असलेला. आपण काम सुरू करतोय आणि यान थांबतंय याची मला जरा हुरहुर वाटली. साठा मात्र सगळ्यांना खुला आहे. राजारामपुरीतल्या खोलीत बसून तो उघडता येतो, पैसे पडत नाहीत, कुणाची शिफारस लागत नाही.

२० जानेवारी, सोमवार

पहिली माहिती उतरवली. केंद्र विषुवांश (आकाशातला रेखांश) १५१.७७, क्रांती १६.०८, भोवती अर्धा अंश त्रिज्या. लॅबच्या संगणकावर टॉपकॅट हे तक्ते-आलेखांचं सॉफ्टवेअर चालेना, श्वेताच्या लॅपटॉपवर चाललं.

पडदाभर ठिपके. त्यात दाटी कुठं आहे म्हणून विचारलं तर कुणालाही बोट ठेवता येणार नाही. जवळपास सगळे ठिपके आपल्याच आकाशगंगेतले, मधल्या वाटेवरचे तारे. शिवाय लांबच्या काही दीर्घिका, ज्या गायाला ठिपक्यासारख्या दिसतात.

संकेतनं विचारलं, गाया पराशय (पृथ्वी सूर्याभोवती फिरताना ताऱ्याची जागा किती सरकल्यासारखी दिसते ते) मोजतं, मग सरळ अंतर काढून ७५ हजार प्रकाशवर्षांवरचे तारे वेगळे का करायचे नाहीत? प्रश्न रास्त आहे. एवढ्या अंतरावरच्या ताऱ्याचा पराशय ०.०४ मिलिआर्कसेकंद (कोनाचं अगदी बारीक एकक) येतो, आणि विसाव्या प्रतीच्या ताऱ्यासाठी गायाच्या मोजमापातली अनिश्चितता ०.५ च्या आसपास असते. मोजायच्या गोष्टीपेक्षा चूक दहापट मोठी. त्यामुळे पराशय वापरायचा तो उलट्या कामासाठी : ज्यांचा पराशय ठळकपणे मोठा, ते जवळचे, ते काढून टाका.

२८ जानेवारी, मंगळवार

स्वगतीची, म्हणजे ताऱ्याच्या आकाशातल्या सरकण्याची, चाळणी लावली. सेग्वे १ आकाशात दरवर्षी सुमारे ३.८ मिलिआर्कसेकंद सरकते, दक्षिणेकडे आणि थोडी पश्चिमेला. या चालीनं चंद्राच्या रुंदीएवढं अंतर कापायला तिला पाच लाख वर्षं लागतील. तरी गायाला ते सरकणं कळतं. तिच्या प्रत्येक ताऱ्याची चाल हीच असली पाहिजे, कारण ते एकत्र फिरताहेत. ज्यांची चाल वेगळी ते बाद. मंद ताऱ्यांना त्यांच्या अनिश्चिततेइतकी सूट दिली.

पडदा बराच मोकळा झाला.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आता रंग आणि प्रत. हा भाग मला सगळ्यांत आवडला, म्हणून सविस्तर लिहिते.

एकाच अंतरावरचे, एकाच काळातले तारे घेऊन आडव्या अक्षावर रंग आणि उभ्या अक्षावर प्रत मांडली, की ठिपके वाट्टेल तसे पडत नाहीत. एक ठरलेली वळणदार रेघ तयार होते : खाली मुख्य क्रमाचे, म्हणजे सूर्यासारखे हायड्रोजन जाळणारे तारे, मग एक वळण, मग वर तांबड्या राक्षसी ताऱ्यांकडे जाणारी फांदी. अंतर बदललं तर रेघेचा आकार तोच राहतो, फक्त ती वर-खाली सरकते. रांगोळीचा छापा अंगणात कुठंही उमटवला तरी नक्षी तीच, तसं.

आमचा छापा एम ९२. शौरी तारकासमूहातला हा गोलाकार गुच्छ. फार जुना, आणि लोहासारखी जड मूलद्रव्यं अगदी कमी असलेला, सेग्वे १ च्या ताऱ्यांच्या जवळपास जाणारा. गायाच्या साठ्यातून त्याचे तारे उतरवले, त्यांची रेघ काढली आणि ती दोन प्रतींहून थोडी जास्त खाली सरकवली, कारण सेग्वे १ एम ९२ पेक्षा तेवढी दूर आहे.

आणि मग उरलेले ठिपके त्यावर टाकले.

राक्षसी फांदीवर मोजकेच तारे, एकमेकांपासून फटकून. वळणापाशी, विसाव्या प्रतीच्या खाली, थोडी गर्दी. त्याखाली गायाची नजर संपते. आपला सूर्य तिथं नेऊन ठेवला तर तो २१.६ प्रतीचा दिसेल आणि गायाच्या यादीत येणारच नाही. सूर्यासारखे आणि त्याहून लहान असे तिचे बहुसंख्य तारे आमच्या आलेखाच्या काठाखाली आहेत.

ही गर्दी खरी की योगायोग, हे तपासायला सेग्वे १ पासून दूर, चारही दिशांना तेवढ्याच आकाराचे तुकडे घेतले आणि त्यांना हीच चाळणी, हाच छापा लावला. तिथंही काही तारे रेघेवर पडतात. पडणारच, कारण वाटेवरच्या ताऱ्यांतले काही योगायोगानं त्या रंगाचे असतात. पण मधल्या तुकड्यात ते ठळकपणे जास्त आहेत, आणि केंद्राकडे जावं तसे वाढत जातात. श्वेतानं आकडे शांतपणे दोनदा तपासले. मग म्हणाली, "आहे की गं. हितंच आहे."

१५ फेब्रुवारी, शनिवार

इथपर्यंत कळलं ते एवढंच : तारे एकत्र आहेत. गुच्छातही तारे एकत्रच असतात. दीर्घिका म्हणायला वजन पाहिजे.

वजन काढायचं तर ताऱ्यांचे आपल्याकडे येण्या-जाण्याचे वेग लागतात. गायाचा वेगमापक इतक्या मंद ताऱ्यांपर्यंत पोचत नाही. ते काम हवाईतल्या मौना केआवरच्या दहा मीटरच्या केक दुर्बिणीनं केलं. २००९ मध्ये मार्ला गेहा आणि सहकाऱ्यांनी २४ तारे मोजले. २०११ मध्ये जोशुआ सायमन आणि सहकाऱ्यांनी ती संख्या ७१ वर नेली. सगळे मिळून सेकंदाला सुमारे २०८ किलोमीटरनं आपल्यापासून दूर जाताहेत, आणि त्या सरासरीभोवती प्रत्येकाचा वेग थोडा इकडे-तिकडे. या पसाऱ्याचं माप सेकंदाला ३.७ किलोमीटर.

जो वुल्फ आणि सहकाऱ्यांच्या २०१० च्या सूत्रानं गणित फळ्यावर केलं. अर्धदीप्ती त्रिज्या, म्हणजे निम्मा प्रकाश ज्या वर्तुळातून येतो त्याची त्रिज्या, २९ पारसेक (एक पारसेक म्हणजे सुमारे सव्वातीन प्रकाशवर्षं). ३.७ चा वर्ग १३.७, गुणिले २९, गुणिले सूत्रातला स्थिरांक ९३०. उत्तर तीन लाख सत्तर हजार सूर्य. सायमन यांनी अधिक काटेकोर पद्धतीनं काढलेला आकडा ५ लाख ८० हजारांचा आहे. म्हणजे आमचं ढोबळ उत्तर योग्य घरात बसलं. आणि तेवढ्या जागेतून येणारा प्रकाश किती? सुमारे १७० सूर्यांचा. वजन लाखांत, उजेड शेकड्यात. सायमन यांच्या गणितानं एका सूर्याच्या उजेडामागे ३४०० सूर्यांचं वस्तुमान. त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच हिला सर्वांत काळी दीर्घिका म्हटलं आहे.

संकेतनं हेच उलटं करून बघितलं, आणि मला वाटतं आजचं खरं काम ते. समजा तिथं ताऱ्यांशिवाय काहीच नाही, आतल्या भागाचं वजन ५०० सूर्य. मग वेगाचा पसारा किती यायला हवा? सूत्रातून आलं सेकंदाला ०.१४ किलोमीटर. मोजलेला ३.७. पंचवीसपटींहून जास्त. एवढ्या वेगानं पळणारे तारे ५०० सूर्यांच्या ओढीनं थांबणार नाहीत. २९ पारसेक ओलांडायला त्यांना साधारण ८० लाख वर्षं पुरतात. दहा-वीस कोटी वर्षांत सगळे पांगले असते. आणि हे तारे विश्वाच्या सुरुवातीच्या काळातले आहेत, बारा अब्ज वर्षांच्या घरातले. अजून एकत्र आहेत, म्हणजे त्यांना कुणीतरी धरून ठेवलं आहे. ते म्हणजे कृष्णद्रव्य, न दिसणारं पण ओढ असणारं द्रव्य.

मॅडमनी फळा पुसू दिला नाही. सोमवारी एस.वाय.च्या तासाला तोच वापरणार आहेत.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आक्षेप वाचले. दोन महत्त्वाचे.

पहिला जोडताऱ्यांचा. दोन तारे एकमेकांभोवती फिरत असतील तर त्या फिरण्याचा वेगही मोजमापात मिसळतो आणि पसारा फुगतो. यावर उपाय म्हणजे तेच तारे काही महिन्यांनी पुन्हा मोजणं. सायमन यांच्या गटानं ते केलं, जोडताऱ्यांचा हिशोब धरला, तरी पसारा मोठाच उरला.

दुसरा आक्षेप २००९ चा, मार्टिन नीडरस्टे-ओस्टहोल्ट आणि सहकाऱ्यांचा. धनू बटू दीर्घिका आपल्या आकाशगंगेकडून फाटत चालली आहे आणि तिच्या ताऱ्यांचे प्रवाह आकाशभर पसरलेत. त्यातलेच तारे सेग्वे १ च्या वाटेत येऊन मोजमाप बिघडवत असतील, असं त्यांचं म्हणणं. ही शंका हवेतली नव्हती. याच तुकड्यात सेकंदाला ३०० किलोमीटर वेगाचा दुसरा एक ताऱ्यांचा प्रवाह सापडलेला आहे, सेग्वे १ शी संबंध नसलेला. त्या भागात खरोखर गर्दी आहे.

मला निर्णायक वाटतो तो तिसरा पुरावा, वेगाशी संबंध नसलेला. ताऱ्यांतलं लोह. गोलाकार गुच्छातले तारे एकाच ढगातून एकदमच जन्मतात, त्यामुळे बहुतेक गुच्छांत सगळ्यांचं लोह जवळजवळ सारखं असतं. अॅना फ्रेबेल, सायमन आणि इव्हान कर्बी यांनी २०१४ मध्ये सेग्वे १ च्या सहा तांबड्या राक्षसी ताऱ्यांचे बारकाईचे वर्णपट (प्रकाशाची रंगवार फोड) छापले; सातव्याचा २०१० मध्येच जॉन नॉरिस आणि सहकाऱ्यांनी छापला होता. सातांपैकी तिघांत सूर्याच्या तीन हजारांशापेक्षाही कमी लोह. आणि सर्वांत जास्त लोह असलेला तारा सर्वांत कमी असलेल्याच्या दोनशेपटींहून पुढे. एवढा फरक पडायचा तर पहिल्या ताऱ्यांचे स्फोट व्हावे लागतात, त्यांची राख वायूत मिसळावी लागते, आणि तो वायू उधळून न जाता तिथंच राहून त्यातून पुढचे तारे जन्मावे लागतात. हजारभर ताऱ्यांचं वजन स्फोटानंतरचा वायू धरून ठेवू शकत नाही. भोवती कृष्णद्रव्याचं मोठं घर असेल तरच हे जमतं.

बेथ विल्मन आणि जे स्ट्रेडर यांची २०१२ ची व्याख्या वहीत उतरवून घेतली : गुरुत्वानं बांधलेला असा ताऱ्यांचा समूह, ज्याचे गुणधर्म नेहमीचं द्रव्य आणि न्यूटनचं गुरुत्व एवढ्यावर उलगडत नाहीत, ती दीर्घिका. या व्याख्येत तारे किती, प्रकाश किती, आकार केवढा, याचा उल्लेखच नाही. पहिल्या पानावरच्या प्रश्नाचं उत्तर मला इथं मिळालं.

१ मार्च, शनिवार

मसाई पठार. काल अमावास्या होऊन गेली. मॅडम, आम्ही तिघं आणि संकेतचे काका त्यांच्या जीपसह.

निघताना आबांकडून त्यांचा पितळी ओळंबा मागून घेतला. आबा गवंडीकाम करतात. म्हणाले, "दिसत न्हाई म्हणतीस, मग बघायला कशाला चाललाईसा?" सांगितलं, ती नेमकी कुठून जाते ते ओळंब्यानं दाखवणार आहे. त्यांनी दोरी तपासली, नवी बांधून दिली आणि एक सूचना केली : पठारावर वारं असतंय, ओळंबा पाण्याच्या बादलीत सोड, हलायचा न्हाई.

सूर्य मावळल्यावर पश्चिमेला चंद्राची कोर आणि शेजारी झळझळीत शुक्र. आठच्या सुमारास कोर गेली. आग्नेयेला कोल्हापूरचा उजेड आभाळात चढलेला, खाली दूर साखर कारखान्याचे दिवे. ती बाजू निकामी. पण माथा काळाभोर होता.

तीन बांबूंची तिवई, मधून ओळंबा, खाली बादली. बादलीला लागून ताडपत्रीवर आडवं व्हायचं, दोरीशी डोळा लावून वर बघायचं. आबांची सूचना बरोबर होती : पाण्यात बुडालेला ओळंबा जागचा हलत नव्हता, वाऱ्यानं दोरी फक्त थरथरायची. लाल टॉर्चचा अगदी कमी उजेड दोरीवर टाकला. अकरानंतर विळा पूर्वेकडून दोरीकडे सरकायला लागला. बाराच्या सुमारास ईटा लिओनिस दोरीच्या मागे गेला. अक्षरशः मागे. डोळा केसभर हलवला की डावीकडून डोकवायचा, पुन्हा हलवला की उजवीकडून.

श्वेतानं त्याच्या दक्षिणेला सव्वा चंद्र मोजला. द्विनेत्रीतून तिथं वाटेवरचे दोन-चार तारे, बाकी अंधार. आणि तो ईटा लिओनिस एकटाच अख्ख्या सेग्वे १ पेक्षा जास्त प्रकाश टाकतो. तो दिसतो, ती दिसत नाही, पण वजनाला तिच्यापुढे तो काहीच नाही. मॅडम बराच वेळ ताडपत्रीवरून उठल्या नाहीत. काका दोनदा येऊन चहा देऊन गेले.

११ मार्च, मंगळवार

कृष्णद्रव्याचे कण एकमेकांवर आदळून नष्ट होत असतील तर गॅमा किरण निघावेत, आणि सेग्वे १ जवळही आहे, काळीही. म्हणून ला पाल्मा बेटावरच्या मॅजिक दुर्बिणींनी तिच्याकडे सुमारे १६० तास बघितलं. २०१४ मध्ये निकाल छापला : काही सापडलं नाही. त्यातून त्या कणांवर मर्यादा घालता आल्या. अहवालात एक परिच्छेद पुरे.

२० मार्च, गुरुवार

रंगपंचमीमुळे काल सुट्टी. आज लिखाण.

२८ मार्च, शुक्रवार

काल डार्मश्टाटहून गाया यान कायमचं बंद केलं. सूर्याभोवतीच्या कक्षेत ते आता मुकं फिरत राहील. चौथा माहितीसंच डिसेंबर २०२६ मध्ये यायचा आहे. त्यात स्वगती आणखी काटेकोर असतील.

श्वेतानं अंतिम यादी केकच्या ७१ ताऱ्यांशी जुळवली. जे गायाला दिसण्याइतके तेजस्वी आहेत त्यांच्या बाबतीत जुळणी चांगली. आमच्या यादीत त्या ७१ मध्ये नसलेलेही तारे आहेत, मुख्यतः बाहेरच्या कडेला. त्यांतले बरेच वाटेवरचे असणार. वर्णपटाशिवाय ठरवता येत नाही, म्हणून अहवालात त्यांना 'उमेदवार' एवढंच म्हटलं.

९ एप्रिल, बुधवार

तोंडी परीक्षा. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, यापेक्षा लहान दीर्घिका सापडल्या तर काय कराल? सप्तर्षी ३, म्हणजेच युनियन्स १, हिचं उदाहरण श्वेतानं दिलं. साठेक तारे, ताऱ्यांचं वजन सुमारे १६ सूर्य, अंतर तीस हजार प्रकाशवर्षांच्या घरात. ती दीर्घिका की गुच्छ, हा वाद आज चालू आहे. मी म्हटलं, लोह मोजा. ताऱ्यांत लोहाचा फरक निघाला तर दीर्घिका. त्यांनी विचारलं, साठ ताऱ्यांत वर्णपट घेण्याइतके तेजस्वी किती? फारच थोडे. तिथं वेगावर अवलंबून राहावं लागतं, आणि थोड्या ताऱ्यांत एक-दोन जोडतारे निघाले तरी पसारा बदलतो. सेग्वे १ च्या बाबतीत ७१ तारे आणि लोह असे दोन्ही पुरावे हाताशी आहेत, म्हणून तिथं मी ठामपणे दीर्घिका म्हणते.

१६ एप्रिल, बुधवार

संकेत पुढच्या वर्षी टी.वाय.ला. फोल्डर त्याच्याकडे दिला : गायाला विचारलेली क्वेरी, एम ९२ चा छापा, शेजारच्या चार तुकड्यांचे आकडे, उमेदवारांची यादी. चौथा संच आला की तीच क्वेरी पुन्हा चालवायची आणि आधी कडेचे उमेदवार तपासायचे. ज्यांची चाल सेग्वे १ पासून सुटलेली दिसेल ते खोडायचे. त्याला दुसरी बटू दीर्घिकाही घ्यायची आहे. मी सिंह १ सुचवली, मघेच्या अगदी उत्तरेला, आठ लाख प्रकाशवर्षांवरची. तो म्हणतो, तिच्यात तारे फार आहेत, छापा लावायची गरजच पडणार नाही.